करंगळीशेजारचं बोट

ऐक गड्या जोतीराम, नुसतं ऐक. मधी बोलू नगंस. दिलावर सहाला गॅरेजातनं सुटतो, तिथनं स्टँडवर यायला त्येला धा मिंटं, म्हंजी माझ्याजवळ पाऊन तास हाय. तेवढ्यात तुला समदं सांगायचं हाय, कारन त्येनं निम्मंच ऐकलंय. कार्ड आलं त्येचं. एकच वळ. ‘माझ्या आईचं नाव तू खोडलंस व्हय?’ खाली सहीबी न्हाई. मी तसाच सांगलीत गाडीत घुसलो, कराडपतूर उभा. च्या नगं. पानीबी नगं. बस हितं बाकड्यावर.

तुला लालासाहेबाची वखार म्हाईत हाय, पेठंतली, हळदीची. आमची धोंडुआत्ती तिथं एकोनीस वरीस कामाला. काम काय, तर गड्ड्यापासनं हळकुंड मोडायचं, माती झाडायची, लांब येगळं, आखूड येगळं. दिसभर. नऊ बाया. आठ आपल्या आळीच्या नि नववी अख्तरचाची, दिलावरची आई. त्या कामात समदा जोर अंगठ्यावर येतो बग. अंगठा चपटा व्हतो, टोकाला चीर पडती नि ती भरतच न्हाई, कारन दुसऱ्या दिशी पुन्ना तेच. आत्ती त्यात मेन भरती नि वर चिंधी बांधती. हे अंगठ्याचं ध्येनात ठेव, पुढं लागनार हाय.

तर चैतात वखारीतनं लय मोठा माल भरून गेला. मी आत्तीला भाकरी द्याया गेलो, बगतो तर मागची भिंत उघडी पडलेली. कवा नव्हं ती. नि भितीवर छापील कागद. सरकारी. कमीत कमी मजुरी किती द्यायची त्येचा दर. कायदाच म्हनतो, कामाच्या जागी लोकांस्नी दिसंल असा कागद लावायचा. लालासाहेबानं लावला व्हता की. पोत्यांच्या थप्पीमागं.

हसू नगंस. म्या वाचला नि माझे कानच तापले. आत्तीच्या हातात पडत व्हतं त्येच्या दुप्पट नि वर काहीतरी. म्या तिथंच उभं ऱ्हाऊन मोठ्यांदा वाचलं. आत्ती म्हनली, “हळू वाच, दिवाणजी ऐकंल.” दिवाणजी म्हंजी नाथाजी, मालकाची लिखापढी करतो त्यो.

दुसऱ्या दिशी मी कामगारांच्या हापिसात. तिथल्या कारकुनानं इचारलं, युनियन हाय का? न्हाई. वकील हाय का? न्हाई. मग म्हनला, सायेबांनी परवानगी दिली तर कुनीबी मानूस बायकांच्या वतीनं अर्ज करू शकतो, तूच उभा ऱ्हा. नऊजनींचा मिळून एकच अर्ज चालतो. पन मागायचं ते मागच्या सहा म्हैन्यांचंच, त्येच्या मागचं सायेब बगत न्हाईत.

हे आत्तीला सांगितलं तर ती म्हनली, “माझी एकोनीस वर्सं, नि मागायचं सहा म्हैन्यांचं?”

“कायदा तेवढंच बगतो आत्ती.”

“मग त्येला म्हनावं, अंगठा बग माझा, किती वर्सांचा हाय.”

बाया भ्याल्या व्हत्या गड्या. शालूबाई म्हनली, सायेब इंग्रजीत इचारनार का. बनुबाई म्हनली, “तुझ्या बाच्या लग्नात वाढप केलंय मी, माझं काम घालवून मला घरी बसवशील तर बग.” म्या म्हनलं, इमर्जन्सी उठून वरीस झालं, आता भ्यायाचं काय काम. मला काय म्हाईत, भ्यायाचं काम असतं का नसतं. मी टायपिंगची परीक्षा दिलेला मानूस. अर्ज स्वता टाईप केला. अख्तरचाचीनं शेवटी अंगठा दिला. म्हनली, “मी एकटी मागं राहिले तर मालक नऊजणींचं काम माझ्या एकटीकडनं घेईल.” समद्या हसल्या. शेवटचं हसणं ते.

नोटीस पोचली तशी दुसऱ्या दिशी वखारीचं दार बंद. नऊजनी भाईर. तीन म्हैनं. नऊ घरात एक वेळची भाकरी. मला बघून पोरं म्हनायची, वकील आला, वकील आला.

मग तारीख लागली. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मालक आला नव्हता, त्येचा वकील नि नाथाजी. सायेब वयस्कर, बारीक आवाजाचं. वकिलानं उठून सरळ सांगितलं, “साहेब, आम्ही सरकारी दराप्रमाणं पूर्ण पगार दिलेला आहे. हे पगारपत्रक.” नि टेबलावर सहा पानं ठेवली. सहा म्हैन्यांची सहा. परत्येक पानावर नऊ नावं, नावाम्होरं सरकारी दरानं पगार, नि त्येच्याम्होरं एकेक पिवळी खून. वकील म्हनला, “हळदीत काम करणाऱ्या बायका, बोट पिवळंच असतं. शाईची गरज काय.”

मला ह्यातलं काय ठावंच नव्हतं. सायबांनी आत्तीला म्होरं बोलावलं. “बाई, ही खूण तुमची?”

आत्तीनं वाकून बगितलं. “व्हय की, आमचीच हाय. पन ही पूजंची हाय सायेब.”

“कसली पूजा?”

मग आत्तीनं सांगितलं, नि तवा मला पैल्यांदा कळलं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मालक नव्या वह्या पूजतो. दर सालाला बाया दाराशी उभ्या ऱ्हात्यात, परसाद घेत्यात, जात्यात. पन गेल्या दिवाळीला नाथाजीनं आत बोलावलं. म्हनला, तुमच्या हातनं हळद फिरती, तुमीच वखारीच्या लक्ष्म्या, नव्या बुकाला तुमीच हळद लावा. वल्या हळदीचं ताट. बुकाची पानं तोच उलटायचा नि म्हनायचा, ही तुझी वळ, हितं लाव, परत्येकीची लक्ष्मी येगळी. पानं कोरी व्हती, नुसती नावं लिवलेली. बायांस्नी नावं वाचता येत न्हाईत, त्या लावत गेल्या. एकेक खण दिला, नारळ दिला. आत्ती घरी आली तवा मला म्हनली व्हती, आज मालकानं लय मान दिला.

“अख्तरबीलाबी बोलावलं सायेब,” आत्ती म्हनली. “मालक म्हनले, तू काय परकी हायस व्हय, लाव तूबी.”

वकील हसला. “पगारपत्रकाची पूजा? साहेब, आता एवढंच ऐकायचं राहिलं होतं.”

सायबांनी कोरा कागद काढला. आत्तीला म्हनलं, ह्या कागदावर अंगठा द्या. शाईचा. तिनं दिला. सायबांनी भिंग काढलं. एकदा ह्यो बगत्यात, एकदा त्यो. मी मान लांब करून बगितलं. शाईचा अंगठा रुंद, चपटा, टोकाला चीर. पानावरची खून बारीक, लांबट, चीर कुठंच न्हाई.

“जुळत नाही,” सायेब म्हनलं.

मला वाटलं जितलो. तर त्यो वकील काय म्हनला म्हाईत हाय? तसाच उठला नि म्हनला, “बरोबर आहे साहेब. मग ही बाई आमच्या वखारीतली नाहीच. धोंडुबाई दुसरी कोणी, तिनं पगार घेतला आणि गेली. ह्या मुलानं कुणालातरी आणून उभी केलीय.”

एकोनीस वरीस, जोतीराम. नि ती बाई न्हाईच.

आत्ती नाथाजीकडं बघाया लागली. नाथाजी छताकडं. मी उभा का बसलेला तेबी मला कळंना. हाताला काम नव्हतं म्हनून अर्ज वाचतोय, उलटा धरून. नि तेवढ्यात बनुबाईनं कपाळावरचा घाम पुसला, कुंकू इस्कटलं, नि तिनं बोटानं ते नीट केलं. मी बोट बगितलं. अंगठा न्हाई, पैलं न्हाई, मधलं न्हाई. करंगळीशेजारचं.

मी वरडलोच. “आत्ती, सायबास्नी दाव, कुंकू कसं लावतीस?”

तिला वाटलं पोरगं येडं झालं. वकील म्हनला, साहेब, हे काय चाललंय. सायेब म्हनलं, थांबा. आत्तीनं हात म्होरं केला नि करंगळीशेजारचं बोट हवेतच टेकवलं, देवाला लावत्यात तसं.

“तेच बोट शाईत बुडवा,” सायेब म्हनलं.

जुळलं. मग बनुबाईचं. जुळलं. शालूबाईचं. आठजनींची बोटं जुळली गड्या, एकापाठोपाठ. पगाराची सही कोन करंगळीशेजारच्या बोटानं करतं? नाथाजीनं रुमाल काढला. त्येला वाटलं असंल हळदीचा डाग म्हंजी डाग. तो कवा घरात कुंकू लावतो, त्येला काय म्हाईत कुठलं बोट. मी असा छाती काढून उभा. लोकं दारातनं बघत व्हती. मला वाटत व्हतं आता मला पेढं चारत्यात का काय.

नि वकील हळूच म्हनला, “नववी बाई कोण आहे?”

तवा मला आठवलं. तवा.

अख्तरचाची उठली. सायबांनी इचारलं, तुमी कुठलं बोट लावलं व्हतं? ती खरं बोलली. ती खोटं कशाला बोलंल. “मला काय माहीत साहेब कुठलं बोट लावायचं असतं. मी आपला अंगठा ठासला. रेशनच्या दुकानात ठासते तसा.” शाईत बुडवला, टेकवला. जुळला. रुंद, चपटा, टोकाला चीर. सहाच्या सहा पानांवर.

“बघा,” वकील म्हनला. “पूजेच्या बोटाची गोष्ट ह्याच मुलानं आपल्याला शिकवली. ह्या बाईंनी पूजेचं बोट लावलेलं नाही. अंगठा दिलाय, पगार घेतल्याचा.”

सायबांनी घड्याळ बगितलं. जेवायची सुट्टी.

भाईर व्हरांड्यात वकील आमच्याकडं आला. लय गोड बोलला. म्हनला, आठ बायकांचा सहा महिन्यांचा फरक आत्ता, ह्या पायरीवर, रोख. भरपाई मागायची नाही. नववीचा अर्ज मागं घ्यायचा, आणि तिनं लिहून द्यायचं की मला सगळा पगार पोचला. “नाही म्हणशील तर मी आत जाऊन सांगतो, एक अंगठा खरा म्हणजे सगळं पत्रक खरं. तुझी हुशारी त्या बाईच्या अंगठ्यावर आपटून फुटते. मग तारखा खा दोन वर्षं.”

म्या आत्तीकडं बगितलं. ती म्हनली, “सही तुझी हाय. आमी तुला उभा केलाय.” शालूबाई म्हनली, “घे रं बाबा, पोरं उपाशी हायत.” बाकीच्या खाली बघत व्हत्या. नि अख्तरचाचीनं पदर डोक्यावर वढला नि म्हनली, “लिही बेटा. माझ्या एका अंगठ्यापायी आठ घरं कशाला. मी लावलाच की तो.”

म्या सही केली. व्हय, केली. दिलावरला हेच कुनीतरी सांगितलंय. हितपतूर. चाचीनं अंगठा दिला, तोच अंगठा, आनि नाथाजीनं पिशवीतनं आठजनींस्नी पैसं दिलं. आत्तीनं कमरेला खोचलं नि बनुबाईला घेऊन जुंधळं आनाया बाजाराला गेली. चाची पायरीवर बसली नि मला इचारलं, मिरजेची गाडी कितीला हाय. तिची भन असती मिरजेला. घरी जायाचं न्हाई म्हनली आज.

कागद घेऊन मी आत. सायेब जेवून आलेलं. त्येंनी वाचला. पुन्ना वाचला. चष्मा काढला.

“हे कुणी सुचवलं?”

“त्येंच्या वकिलांनी.”

“आणि तुम्ही ऐकलंत?” मग सायेब खिडकीकडं बघत बोलाया लागलं, माझ्याशी का स्वताशी कोन जाणे. “आठ खुणा पूजेच्या ठरल्या, तर नववी वेगळी कशी असेल? तेच ताट, तीच हळद, त्याच दिवसाची. बोट कुठलं का असेना. एवढं मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? मी नऊजणींचा हुकूम सांगणार होतो. वकिलाला ते कळलं होतं, म्हणून त्याला घाई.”

मी त्येंच्या हातातल्या कागदाकडं बघाया लागलो.

“आता तिनं स्वतः लिहून दिलंय,” सायेब म्हनलं. “मी हा कागद चार वाजता फाईलला लावीन. तोपर्यंत तो टेबलावर आहे.”

घड्याळात सव्वातीन. म्या इचारलं, नि कागद मागं घेतला तर? तर सायेब म्हनलं, तर पैसे त्यांचे त्यांना परत, आणि मी माझा हुकूम देईन. पुढं मालक वरच्या कोर्टात गेला, तर त्यावर माझा हात नाही.

मी पळत सुटलो. आत्तीला इचारावं म्हनून बाजाराकडं. निम्म्या वाटंत मनात आलं, ती सापडंस्तवर चार वाजतील, तसाच माघारी फिरलो. दोनदा फिरलो गड्या, पुन्ना बाजाराकडं नि पुन्ना माघारी, सायकलवाला शिव्या देऊन गेला. पायरीशी आलो तर चाची तिथंच. तिला समदं सांगितलं. मला वाटलं ती उठंल, म्हनंल, जा, आन तो कागद.

ती म्हनली, “मला नको सांगू अर्जुना. मी अंगठा देऊन मोकळी झाले. आठजणींच्या हातात पैसा गेलाय, तो तू काढून घेणार? माझ्या नावानं?”

“पन तुमी पगार घेतला न्हाई चाची. त्या कागदात घेतला लिवलंय.”

“मला माहीत आहे ना मी घेतला नाही.”

“वखारीतबी घेतला म्हनत्यात, हितंबी घेतला म्हनत्यात.”

तिनं तोंड फिरवलं. पावनेचार वाजलं व्हतं. मी आत गेलो. सायेब दुसरं कायतरी लिवत व्हतं. कागद टेबलावर, वर दगडाचं वजन. म्या वजन बाजूला ठेवलं.

सायबांनी वर न बघता इचारलं, “परवानगी तुमच्या नावानं आहे. विचार करून उचलताय?”

व्हय म्हनलो. खोटं बोललो. इचार कसला, नुसतं घड्याळ दिसत व्हतं. कागद उचलला नि चार तुकडं केलं.

हुकूम झाला. नऊजनींचा. फरक नि वर तेवढीच भरपाई. माझ्या खिशात नक्कल हाय, हे बग, शिक्का बग. पन त्येच्याआधी काय झालं ते ऐक. नाथाजी व्हरांड्यात उभा ऱ्हायला नि आठजनींकडनं पैसं माघारी घेतलं. आत्ती बाजारातनं आली, डोक्यावर जुंधळ्याचं गठुळं. तिला कळंना काय चाललंय. मी सांगितलं. तिनं कमरेचं काढलं, उरलं व्हतं तेवढं नाथाजीच्या हातावर ठेवलं, नि गठुळं त्येच्या पायाशी ठेवलं. म्हनली, “बाकीचं हे.” नाथाजीला ते उचलायची लाज वाटली का वझं वाटलं म्हाईत न्हाई, त्यो तसाच गेला. गठुळं पायरीवरच. बनुबाईनं उचललं शेवटी. आत्तीनं त्येला हात लावला न्हाई नि माझ्याकडं बगितलंबी न्हाई.

नि मालक गेला मुंबईला, हायकोर्टात. हुकमाला स्थगिती आनली. तारीख कवा, कुनाला म्हाईत न्हाई. म्हंजी आजच्या घडीला नऊजनींच्या हातात काय हाय? ह्यो शिक्का.

नऊजनी आता रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत्यात. मी एकदा गेलो बघाया. दुपारच्याला आठजनी झाडाखाली भाकरी खात व्हत्या नि चाची पलीकडं उन्हात. कुनी तिला हाकललं न्हाई, तीच बसती. शालूबाईनं मला बगून घमेलं उचललं नि पाठ केली. बनुबाई म्हनली, “केलंस ते बरं केलंस रं, पन आमास्नी इचारायचं व्हतंस.” आत्ती ताट वाढती, बोलत न्हाई. नि चाची, तिच्या दारावरनं गेलो की ती आत जाती. तिच्यापायी केलं, नि तीच आत जाती.

मला झोप न्हाई गड्या. कधी वाटतं, कागद तिथंच ठेवायचा व्हता, आठ घरं जेवली असती, चाचीबी राजी व्हती. मग वाटतं, राजी कशी, तिनं घेतलेला नसताना घेतला म्हनून अंगठा दिला, नि तो कागद म्या लिवला. पूजंच्या बोटाचं मीच काढलं. ते काढलं नसतं तर तिचा अंगठा येगळा पडलाच नसता. पन काढलं नसतं तर आत्ती वखारीतली न्हाईच ठरली असती. फिरून फिरून तिथंच. एसटीत उभ्या उभ्या हेच, कराडला जागा मिळाली, उंब्रज आलं, नागठाणं आलं, तरी हेच.

दिलावरला आधी काय सांगू? सही केली ते, का कागद फाडला ते? त्येनं निम्म्यावरच हात उचलला तर फुडलं ऐकायचा न्हाई. नि समदं ऐकलं, तर तो म्हनंल, माझ्या आईनं नगं म्हनलं व्हतं, तू कोन.

तो बग. गेटातनं आत आला. हातावर काळं वंगन तसंच हाय, धुतलंबी न्हाई. हिकडंच बघतोय. उठू नगंस, बस, त्येला यायला अजून गाड्या वलांडायच्यात. तू सांग, झटक्यानं सांग. पावनेचार वाजल्यात. आत्ती बाजारात हाय, चाचीनं तोंड फिरवलंय, कागद टेबलावर हाय नि वजन तुझ्या हातात हाय. तू काय केलं असतंस?